पिस्तुलाची पिन, सेफ्टी आणि घरचे खोबरेल : वाचकांची पत्रे, आर्मोररची उत्तरे

मागच्या अंकात बॅरलची निगा कशी राखावी ते लिहिले होते. त्यावर आलेली पत्रे मात्र जवळजवळ सगळी दोनच गोष्टींबद्दल आहेत: फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून ते पेटवणारी बारीक सळई, आणि सेफ्टी, म्हणजे नकळत बार होऊ नये म्हणून असलेला खटका. सातारा-सांगलीकडच्या पत्रांपैकी काही इथे घेतो. मी सैन्यात ई.एम.ई.मध्ये, म्हणजे यंत्रे-हत्यारे दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मोरर (हत्यारांचा कारागीर) होतो. निवृत्तीनंतर साताऱ्यातच असतो आणि आजूबाजूची परवानाधारक मंडळी शंका घेऊन येत असतात. हत्यारांवर हात बसलेला माणूस म्हणून लिहितो. कायदा जिथे आडवा येतो तिथे तेवढे सांगतो.

खालच्या प्रत्येक उत्तरात एक गोष्ट गृहीत धरली आहे, म्हणून ती आधी. तपासणी करायची ती रिकाम्या पिस्तुलाची. पहिल्यांदा मॅगझीन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढायचे, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे ओढून धरायची, चेंबरमध्ये (बॅरलच्या मागे काडतूस बसते त्या जागेत) उजेडात डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळीचे टोक घालून चाचपायचे. हा क्रम उलटा करू नका. मॅगझीन आत असताना स्लाइड ओढून सोडली की चेंबरमधला राउंड (काडतूस) बाहेर पडतो आणि मॅगझीनमधला दुसरा त्याच्या जागी जाऊन बसतो. माणूस मग मॅगझीन काढतो, पडलेला राउंड उचलतो आणि निर्धास्त होतो. काडतुसे त्या खोलीत नकोतच. पिस्तुलाचे तोंड वाळू भरलेल्या बादलीकडे ठेवा. आपल्याकडच्या चार इंची विटेच्या भिंतीवर भरवसा ठेवू नका, पलीकडे स्वयंपाकघर असते.

प्रश्न : माझ्याकडे परवान्याचे .३२ पिस्तूल आहे, आपल्या देशी कारखान्याचे. द्राक्षबाग असल्यामुळे डिसेंबरपासून माल उतरेपर्यंत रात्री मुक्काम बागेतच असतो. मे महिन्यात रेंजवर चालवले तेव्हा एकही राउंड चुकला नाही. खंडेनवमीला पूजा करून भरपूर तेल घातले. जानेवारीत भल्या सकाळी रेंजवर नेले तर दर मॅगझीनमागे दोन-तीन राउंड नुसते ‘टिच्’ करून राहिले. तेच राउंड दुपारी पुन्हा भरले तर उडाले. विक्रेता म्हणतो काडतुसे जुनी, मित्र म्हणतो स्प्रिंग गेली. कोणाचे खरे?
— एक बागायतदार, तासगाव

उत्तर : राउंड सकाळी उडाले नाहीत, दुपारी उडाले, हे तुम्ही नेमके टिपलेत म्हणून बरे झाले. मी उलट विचारले, तेल कोणते? तुमचे उत्तर आले, ‘घरचेच, शुद्ध खोबरेल.’

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. जानेवारीत तुमच्या न्हाणीघरातल्या बाटलीत ते पांढरे होऊन बसते ना, तसेच ते पिस्तुलाच्या पोटातही बसते. फायरिंग पिन ही स्लाइडमधल्या एका अरुंद नळीत मागे-पुढे सरकणारी बारीक सळई. हॅमरचा (मागच्या घोड्याचा) फटका मागून बसला की तिने झेप घेऊन काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर (दारू पेटवणाऱ्या टोपीवर) आपटायचे आणि लगेच स्प्रिंगने मागे यायचे. तिला जायचे असते फार थोडे अंतर, आणि जायचे असते पूर्ण वेगात. त्या नळीत तेल थिजले असेल तर फटका तोच राहतो, पण पिन पोहोचते ती मरगळून. दुपारी ऊन चढले, तेल वितळले, पिन सुटली.

पिनच्या नळीत तेल घालायचेच नसते, खोबरेल नाही आणि बंदुकीचे महागडे तेलही नाही. ती नळी कोरडी हवी. सैन्यात कोतमध्ये (हत्यारे ठेवायच्या खोलीत) हत्यार देताना-घेताना आम्ही चिंदी फिरवून पाहायचो. स्लाइडच्या खाचांना तेलाचा हलका हात आणि पिनला कोरडा, ही तिथली शिस्त होती. तेल धूळ धरते, जळालेल्या दारूची काजळी धरते आणि काही महिन्यांत त्याचा काळा चिकट लेप होतो. पातळ मशीन ऑइल घातले तर हेच होते, फक्त जरा उशिरा.

तुम्ही खंडेनवमीचा उल्लेख केलात तेव्हा माझ्या मनात दुसरी शंका आली. हळद-कुंकू कुठे वाहिले? आपल्या भागात पिस्तुलावरच वाहतात, वर अक्षता. शस्त्रपूजा मीही करतो आणि मनापासून करतो. पण कुंकवाची पूड तेलात मिसळली की तिचा घासणारा चिखल होतो, आणि तो सेफ्टीच्या खटक्याखाली आणि हॅमरच्या फटीत जाऊन बसतो. तांदळाची कणी हॅमरच्या वाटेत अडकून बसलेली मी चिमट्याने काढली आहे. पिस्तूल रिकामे करून स्वच्छ कापडात गुंडाळा, पेटीत ठेवा आणि गंध-फुले पेटीला वाहा.

आता विक्रेत्याचे आणि मित्राचे म्हणणे. दोघांचीही शहानिशा काडतुसाच्या बुडावर होते. न उडालेला राउंड रेंजवरच भिंगाखाली धरा आणि प्रायमरवरचा ठसा पाहा. ठसाच नसेल तर पिन पोहोचलीच नाही. ती तुटली आहे, अडकली आहे किंवा सेफ्टीचा अडसर तिच्या वाटेतून पुरता हटलेला नाही. ठसा पुसट आणि उथळ असेल तर पिन पोहोचली पण जोर नव्हता. त्यामागे चिकटलेले तेल असेल, थकलेली स्प्रिंग असेल, नाहीतर स्लाइड पुरती मिटलेली नसेल. स्लाइड केसभर उघडी राहिली की हॅमरचा निम्मा जोर ती मिटवण्यातच जातो. ठसा मध्यावर आहे, खोल आहे, कडा स्वच्छ आहेत आणि तरी राउंड उडाला नाही, तर दोष काडतुसाचा. आणि प्रायमरला आरपार भोक दिसले तर त्या दिवशी पिस्तूल पुन्हा चालवायचे नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत ठसे उथळ आहेत आणि सगळे सारखे आहेत. त्यामुळे काडतुसांना मी दोष देत नाही. खडकीच्या कारखान्यात १८६९ पासून दारूगोळा बनतो आहे, आणि नीट कोरड्या जागी ठेवलेली काडतुसे वर्षानुवर्षे टिकतात. तरीही डब्यावरचा लॉट (कोणत्या खेपेचा माल तो क्रमांक) वहीत लिहून ठेवा. पुढे कधी एकाच लॉटचे राउंड चुकायला लागले तर विक्रेत्याला दाखवायला हाताशी काही असेल.

करायचे काय? स्लाइड उतरवण्यापर्यंतचे काम पुस्तिकेत दिले आहे, तेवढे घरी करा. पिन बाहेर काढून नळी धुणे हे परवानाधारक गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) करून घ्या. त्यातली बारीक स्प्रिंग एकदा उडून सतरंजीखाली गेली की तिच्या जागी दुसरी ‘तशीच दिसणारी’ स्प्रिंग येते, आणि पुढची सगळी दुखणी तिथून सुरू होतात. नळी धुतल्यावरही गार सकाळी ठसे उथळच आले तर मित्राचे म्हणणे खरे धरा आणि हॅमरची स्प्रिंग बदलून घ्या.

दोन गोष्टी रागावून सांगतो. ‘टिच्’ झाल्यावर तुम्ही लगेच स्लाइड ओढलीत, असे पत्रावरून दिसते. तसे करायचे नाही. पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून धरायचे, मनात तीस आकडे मोजायचे आणि मगच राउंड काढायचा. प्रायमर कधी कधी धुमसत राहून उशिराने पेटतो. चुकलेला राउंड दुपारी पुन्हा भरणेही टाळायला हवे होते. दुसरी गोष्ट, पत्राच्या शेवटी तुम्ही विचारले आहे की दुरुस्तीनंतर बागेतच एक-दोन बार काढून पाहू का. नाही. सुटलेली गोळी किलोमीटरभर जाऊ शकते आणि तुमच्या बागेपलीकडे माणसे छाटणीला, तोडणीला असतात. कोणाच्या जिवाला धोका होईल असा बेफिकीर गोळीबार २०१९ च्या दुरुस्तीनंतर थेट शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्नातल्या आणि मिरवणुकीतल्या बारांनाही हेच लागू आहे.

प्रश्न : पिस्तुलाच्या पिनचे टोक तुटले. माझ्या जिवलग मित्राचे एमआयडीसीत लेथ आहे, मायक्रॉनमध्ये काम करतो. जुनी पिन दाखवून तशीच नवी करून घेतली तर चालेल ना? विक्रेता सुटा भाग यायला महिने लागतील म्हणतो.
— कुपवाड

उत्तर : चालणार नाही. मित्राच्या हाताबद्दल मला शंका नाही. कुपवाडच्या कारागिरांनी केलेली कामे मी पाहिली आहेत. पण तुटक्या पिनवरून माप घ्यायचे म्हणजे जो भाग गळून पडला त्याचेच माप अंदाजाने धरायचे.

बहुतेक पिस्तुलांत पिन तिच्या नळीपेक्षा किंचित आखूड असते. हॅमर नुसता टेकलेला असताना तिचे टोक समोरच्या भोकाबाहेर येत नाही. फटक्याने झेप घेतल्यावरच येते आणि परत आत जाते. नवी पिन थोडी लांब झाली, किंवा टोकाला राहिलेल्या बारीक कडेने भोकात अडकली, तर टोक बाहेरच राहते. मग मॅगझीन भरून स्लाइड सोडली की राउंड चेंबरमध्ये शिरता शिरता त्या टोकावर आपटतो आणि ट्रिगरला बोट न लावता बार होतो. त्या क्षणी स्लाइड पुरती मिटलेली असेलच असे नाही, आणि तुमचा डावा हात बहुधा तिच्याच आसपास असतो. कडकपणाचेही तसेच. धातू मऊ राहिला तर टोक चेपून फुगते, फार कडक झाला तर पुन्हा तुटते, आणि तुटलेला तुकडा नळीत पुढे अडकला तर परिणाम वर सांगितला तोच.

कायद्याने तर हा विषय तिथेच संपतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात, आणि कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे, तपासून देणे मना आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याची किमान शिक्षाच सात वर्षे आहे. तुमचा परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, त्याच्या आडोशाला मित्र येत नाही. मैत्रीपोटी तो ‘हो’ म्हणेल, म्हणून तुम्हीच विचारू नका.

महिने लागले तर लागू द्या. पिस्तूल विक्रेत्याकडे दुरुस्तीसाठी द्या, पावती घ्या, पावतीवर शस्त्राचा क्रमांक नीट लिहून घ्या. नवी पिन बसून आली की एकच गोष्ट पाहा: रिकामे पिस्तूल, स्लाइड मागे अडकवलेली, आणि ज्या सपाट तोंडावर काडतुसाचे बूड टेकते त्यावर टॉर्च मारून पिनच्या भोकाकडे बघा. टोक बाहेर आलेले दिसले तर परत करा. (.२५ बोअरच्या काही छोट्या जुन्या पिस्तुलांत स्लाइड मागे असताना पिनच पुढे येऊन रिकामे खोके बाहेर ढकलते. त्यांना हा नियम लागत नाही.)

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांचे वॉल्थर .३२ रीतसर माझ्या परवान्यावर आले. त्याची सेफ्टी खाली केली की हॅमर आपोआप धाडकन पडतो! पहिल्यांदा तर माझ्या हातून सुटणारच होते. शिवाय सेफ्टीचा खटका इतका सैल आहे की होल्स्टरमध्ये आपोआप फिरतो. हे असेच असते का? वडील कायम चेंबरमध्ये राउंड ठेवून सेफ्टी लावत.
— कराड

उत्तर : पहिली गोष्ट असते तशीच आहे, दुसरी मुळीच नसावी, आणि तिसरी आजपासून बंद करा.

वॉल्थर पीपी १९२९ साली जर्मनीत आले आणि त्याची सेफ्टी इतरांपेक्षा वेगळी आहे. खटका स्लाइडवर आहे आणि त्याला जोडलेला आडवा गोल दांडा स्लाइडच्या आत फिरतो. खटका खाली केला की तो दांडा आधी पिनला जागच्या जागी कुलूप घालतो, मग त्याची भरीव बाजू हॅमर आणि पिन यांच्यामध्ये येते आणि शेवटी हॅमर सुटतो. आवाज येतो तो हॅमर त्या भरीव पोलादावर आपटल्याचा. खटका वर असला की लाल ठिपका दिसतो, म्हणजे बारासाठी तयार.

यंत्र सुरेख आहे. पण त्याची सगळी मदार त्या दांड्यावर आहे, आणि तुमचा दांडा किती वर्षे फिरतो आहे ते वडिलांनाच ठाऊक. खटका सैल आहे याचा अर्थ त्याला जागेवर धरणारा भाग झिजला आहे. आत काय झिजले असेल ते बाहेरून दिसत नाही. दांड्याची कड झिजली किंवा चिरली तर हॅमरचा फटका पिनपर्यंत पोहोचू शकतो, आणि अशा वेळी चेंबरमध्ये राउंड असेल तर ‘सेफ्टी लावली’ आणि ‘गोळी झाडली’ या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत.

पेन्सिलची एक जुनी परीक्षा सांगतो, घरी करता येते. सुरुवातीला लिहिले तसे पिस्तूल रिकामे करा, पुन्हा पाहा, घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही पाहू द्या. एक गोल, सडपातळ पेन्सिल घ्या. बॅरलमध्ये ती सैल सरकली पाहिजे, कोनांची पेन्सिल .३२ च्या बॅरलला घासते, तिचा नाद सोडा. मागे खोडरबर असलेली बाजू आत जाऊ द्या. पिस्तूल उभे धरा, तोंड वर, चेहरा आणि छताचा पंखा बाजूला, आणि पेन्सिल तळाला टेकू द्या. सेफ्टी वर ठेवून ट्रिगर ओढला की पिन रबरावर आपटते आणि पेन्सिल टुणकन बाहेर उडते. उडाली म्हणजे पिन मोकळी आहे. आता पेन्सिल पुन्हा सोडा, हॅमर चढवा आणि खटका खाली करून हॅमर पडू द्या. पेन्सिल जागची हलता कामा नये. ती उसळली, अगदी बोटाच्या पेराएवढी उसळली, तरी पिनपर्यंत काही पोहोचते आहे असे समजा. रबरावर बघा, पिनचा बारीक टिंब उमटलेला असेल तर दुसरा पुरावा नको.

पेन्सिल हलली नाही म्हणून पिस्तूल पास झाले, असेही मी म्हणणार नाही. आज धरलेला झिजका भाग पुढच्या महिन्यात सोडू शकतो. गनस्मिथला स्लाइड उघडून दांडा भिंगाखाली पाहायला सांगा आणि खटका धरणारा भाग बदलून घ्या. तोवर चेंबर रिकामे आणि मॅगझीन वेगळे. जुन्या पिस्तुलांपैकी पुष्कळांत ट्रिगर ओढेपर्यंत पिनला अडवून ठेवणारा अडसरच नसतो. तोंडावर जोरात पडली तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे झेप घेऊ शकते. वडिलांची सवय ही त्यांच्या काळातली आणि त्या वेळी हे पिस्तूल तरुण होते.

ज्यांच्या पिस्तुलाची सेफ्टी मुठीजवळ, फ्रेमवर (स्लाइडखालच्या सांगाड्यावर) आहे आणि हॅमर चढलेला असतानाच लागते, त्यांच्यासाठी वेगळी तपासणी आहे, ती याच जागी सांगून टाकतो. रिकाम्या पिस्तुलाचा हॅमर चढवा, सेफ्टी लावा, ट्रिगर चांगला दाबून सोडा. हॅमर पडता कामा नये, हे सगळ्यांना माहीत असते आणि इथेच सगळे थांबतात. पुढचे महत्त्वाचे. बोट ट्रिगरवरून काढून सेफ्टी उघडा. आता हॅमर आपोआप पडला तर पिस्तूल ताबडतोब बंद करून गनस्मिथकडे. पडला नाही तर पिस्तूल कानाजवळ आणा आणि अंगठ्याने हॅमर अगदी हलका मागे ओढा. काही ऐकू आले नाही तर ठीक. बारीक ‘टिक्’ ऐकू आली, तर सेफ्टी लागलेली असताना ट्रिगरने हॅमरची पकड थोडी सरकवली होती आणि आत्ता ती परत खाचेत बसली. म्हणजे सेफ्टी झिजली आहे, अजून पुरती गेली नाही एवढेच. हा आवाज शांत खोलीत, पंखा बंद करून ऐका.

प्रश्न : मॅगझीन काढल्यावर ट्रिगर ओढला तर हॅमर पडतच नाही. मॅगझीन घातले की पडतो. पिन अडकली आहे का?
— फलटण

उत्तर : बिघाड नाही. काही पिस्तुलांत मॅगझीन सेफ्टी असते. मॅगझीन बाहेर असले की ट्रिगरचा दुवा सुटतो. सैन्यातल्या ९ एमएम पिस्तुलालाही ती आहे. मात्र मॅगझीन नसले की बार होत नाही, ही समजूत मनात घट्ट करू नका. उद्या हातात दुसरे पिस्तूल येईल आणि त्याला ती नसेल.

प्रश्न : निवडणूक आली की पिस्तूल जमा करावे लागते. या वेळी पावसाळा उलटल्यावर परत मिळाले. चामड्याच्या होल्स्टरसकट दिले होते. आता स्लाइडवर गंजाचे ठिपके आहेत आणि सेफ्टी हलतच नाही. पक्कडीने हलवून पाहू का?
— पाटण खोरे

उत्तर : पक्कड नको. खटका वाकेल किंवा त्याचे टोक मोडेल, आणि मग अर्धवट फिरलेली सेफ्टी हातात येईल. ती लागली आहे की उघडी, हे कोणालाच सांगता येणार नाही.

पहिल्यांदा रिकामे आहे का ते बघा. सेफ्टी लागून स्लाइडही अडकली असेल आणि चेंबर पाहताच येत नसेल, तर पिस्तूल भरलेले आहे असे धरून चाला. घरी काही करू नका, विक्रेत्याला फोन करून तो सांगेल तसे न्या. चेंबर रिकामे दिसत असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब खटक्याच्या सांध्यात सोडा, एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी अंगठ्याच्या जोराने हलतो का पाहा. हलला तर ते तेल पूर्ण पुसून काढा. पिनकडे झिरपलेले तेल तिथेच राहिले तर तासगावकरांची गोष्ट तुमच्याकडे सुरू होईल. गंजाच्या ठिपक्यांना पॉलिश पेपर लावू नका. तेलात भिजवलेल्या चिंदीने रोज थोडे घासा, वरवरचा गंज निघतो.

गंजाला होल्स्टर कारण आहे. चामडे ओल शोषते, धरून ठेवते आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात. महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यातल्या पावसात कपाटातले बूटसुद्धा बुरशी धरतात, तिथे पोलादाची काय कथा. पुढच्या वेळी जमा करताना पिस्तूल साफ करून बाहेरून तेलाचा पातळ हात द्या, कापडी पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, होल्स्टर घरी राहू दे. पावतीवर क्रमांकासोबत ‘चालू स्थितीत, मॅगझीन वेगळे’ असे लिहून घ्या. देताना आणि घेताना, दोन्ही वेळा, समोरच्या अंमलदारासमोर चेंबर उघडून दाखवा आणि पाहा. यात कोणालाही अपमान वाटायचे कारण नाही. कोतमध्ये सुभेदार साहेबही तसेच घेत आणि तसेच देत.

प्रश्न : माझी मुलगी क्लबमध्ये .२२ स्पोर्ट पिस्तूलवर २५ मीटरचा सराव करते. अलीकडे दर मालिकेत एखादा राउंड चुकतो. प्रशिक्षक म्हणाले पिन बदलू. ती रोज रिकाम्या पिस्तुलाने शेकडो वेळा ट्रिगर ओढण्याचा सरावही करते, त्याने काही होते का?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर असण्याची शक्यता मोठी आहे.

.२२ च्या काडतुसात मध्यभागी प्रायमर नसतो. पेटणारे रसायन बुडाच्या कडेत, त्या बाहेर आलेल्या काठात पसरलेले असते आणि पिन त्या काठावर मारते. काठाखाली चेंबरची कड ऐरणीसारखी असते. चेंबर रिकामे असताना ट्रिगर ओढला, आणि त्या पिस्तुलाला रिकाम्या सरावाची वेगळी सोय नसली, तर पिन थेट त्या कडेवर आपटू शकते. रोज आपटली की कडेला खळगा पडतो आणि पिनचे टोकही बोथट होते. मग खऱ्या काडतुसाचा काठ त्या खळग्यात दबतो, चिमटला जात नाही, आणि राउंड चुकतो.

प्रशिक्षकांना एवढे करायला सांगा. चुकलेला राउंड तीस आकड्यांनंतर काढून, अर्धा फिरवून, दुसरी बाजू पिनखाली येईल असा पुन्हा भरायचा. त्या बाजूने उडाला तर काडतुसाच्या काठात रसायन एका जागी कमी पडले असेल, असे .२२ मध्ये घडते. दोन्ही बाजूंनी चुकत असेल तर चेंबरची कड भिंगाने पाहायची आणि पिनसुद्धा. चेंबरमध्ये मेण आणि शिशाची काजळी साचूनही राउंड पुरता आत बसत नाही. ती साफ केल्याशिवाय पिन बदलायची घाई नको. नुसती पिन बदलली आणि कडेचा खळगा तसाच राहिला, तर महिन्याभरात तुम्ही पुन्हा लिहाल.

रिकामा सराव मात्र थांबवू नका. ट्रिगरवरचे बोट त्यानेच घडते. फक्त पिस्तुलाच्या पुस्तिकेत त्यासाठीची सोय दिली असेल तर तीच वापरायची, नसेल तर चेंबरमध्ये घालायचे प्लास्टिकचे सरावाचे काडतूस प्रशिक्षकांकडून घ्यायचे. आणि स्पर्धेत राउंड चुकला तर मुलीने पिस्तूल लक्ष्याच्या दिशेलाच धरून, मोकळा हात वर करून रेंज अधिकाऱ्याला बोलवायचे. मागे वळून प्रशिक्षकांकडे बघायची मुलांना सवय असते, आणि मान वळली की हातही वळतो. शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद कळवा.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात कपाट पाण्याखाली गेले होते. पिस्तूल तेव्हाच दुरुस्त करून घेतले, पण तेव्हाची काडतुसे उन्हात वाळवून ठेवली आहेत, दिसायला चकचकीत आहेत. नव्या पिनवर तीच वापरून पाहू का?
— कृष्णाकाठ

उत्तर : नको. बाहेरून वाळले तरी प्रायमरच्या आणि गोळीच्या सांध्यातून आत गेलेले पाणी दारू खराब करते. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे दारू पेटत नाही, पण प्रायमर पेटतो आणि त्याच्या एवढ्याशा जोरावर गोळी अर्ध्या बॅरलपर्यंत जाऊन अडकते. आवाज ‘फुस्’ असा येतो. माणसाला वाटते राउंड चुकला, तो पुढचा भरतो, आणि दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आदळते की बॅरल फुटते. कधीही असा दबका आवाज आला तर थांबा, पिस्तूल रिकामे करा आणि बॅरल आरपार मोकळी आहे हे पाहिल्याशिवाय पुढचा राउंड भरू नका.

ती काडतुसे नदीत, विहिरीत टाकू नका, पुरू नका, आणि उघडून दारू काढायला तर मुळीच जाऊ नका. मोजून डब्यात घाला, परवाना बरोबर घ्या आणि विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून लेखी पोच घ्या. परवान्यावरच्या खरेदीच्या नोंदी आणि घरातला साठा यांचा मेळ तपासणीत लागतो, म्हणून ती पोच परवान्याच्या पुस्तकातच ठेवा.